जुनी गाडी लवकर तापत नाही? आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का, ते बघा

डिसेंबर-जानेवारीत नायगाव, नरसी, बिलोली, देगलूर, मुखेड या पट्ट्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. त्या दिवसांत जुनी मारुती ८००, ओम्नी किंवा प्रीमियर पद्मिनी अजून चालवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. गाडी सुरू होते, पण चोक आत ढकलला की बंद पडते. नायगावहून निघून नरसीचा चौक आला तरी तापमानाचा काटा ‘सी’च्या रेघेवरून हलत नाही. गाडी उचलत नाही, झटके खाते आणि महिन्याचा हिशेब मांडला तर ॲव्हरेज निम्म्यावर आल्यासारखं वाटतं. मेकॅनिककडे नेली तर तो कार्बोरेटर खोलतो, धुतो, जोडतो. आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

दोष बहुतेक वेळा कार्बोरेटरचा नसतोच. मराठवाड्यात आपण जुन्या गाड्यांची दुरुस्ती उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून करत आलो आहोत. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, गाडी चढाला किंवा गर्दीत गरम होते आणि कुणीतरी सल्ला देतं, “वॉल काढून टाका, गाडी थंड राहील.” हा वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. तो काढला जातो, पंख्याची वायर डायरेक्ट केली जाते आणि गाडी उन्हाळा काढते. पण पुढे तीच गाडी हिवाळ्यात तापायचं नाव घेत नाही. गाडीच्या मागच्या मालकाने हे करून ठेवलं असेल तर तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून कार्बोरेटरला हात लावण्याआधी पाण्याची बाजू तपासायची. या लेखातला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

तक्रार नेमकी कोणती?

‘गाडी तापत नाही’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, इंजिनातलं पाणी खरोखरच उशिरा तापतं. दुसरी, पाणी वेळेवर तापतं, पण तापेपर्यंत गाडी नीट चालत नाही. पहिलीचं कारण थर्मोस्टॅट, पंखा किंवा पाणी यांत सापडतं. दुसरीचं कारण चोक, कार्बोरेटर, प्लग किंवा पेट्रोल यांत असतं. एकीचा इलाज दुसरीवर केला की पैसे जातात आणि तक्रार जागेवरच राहते.

किती वेळ लागला तर ठीक म्हणायचं? दहा-बारा अंशांच्या थंडीत सुरू केलेली लहान पेट्रोल गाडी शांतपणे चालवली, तर पाच ते दहा मिनिटांत काटा त्याच्या नेहमीच्या जागेवर, म्हणजे ‘सी’ आणि ‘एच’ यांच्या साधारण मध्यावर यायला हवा. जागेवर उभी ठेवून तापवाल तर यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, कारण नुसत्या आयडलिंगवर इंजिन फार थोडं पेट्रोल जाळतं आणि उष्णताही थोडीच तयार होते. पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर चालूनही काटा पाव भागाच्या वर येत नसेल, किंवा गावात मध्यावर येऊन हायवेला लागताच पुन्हा खाली घसरत असेल, तर तो नक्की दोष आहे. हायवेला काटा खाली जाणं ही उघड्या राहिलेल्या किंवा काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटची ओळखीची खूण आहे. समोरून वारा लागतो, रेडिएटर पाणी थंड करत राहतो आणि ते अडवायला वाटेत काहीच नसतं.

काटा खरं सांगतो का?

गाडी तीस वर्षांची असेल तर मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पाण्यात बसवलेल्या सेन्सरवर एक वायर असते. चावी ‘ऑन’ करून, इंजिन बंद ठेवून, ती वायर काढा आणि तिचं टोक क्षणभर इंजिनच्या मोकळ्या लोखंडाला टेकवा. काटा ‘एच’कडे धावला तर मीटर आणि वायर ठीक आहेत. अजिबात हलला नाही तर दोष मीटरचा, वायरचा किंवा फ्यूजचा आहे आणि इंजिन कदाचित व्यवस्थित तापतही असेल. काटा धावू लागला की वायर लगेच उचला, टेकवून ठेवू नका.

वरच्या नळीची परीक्षा

ही परीक्षा फुकट आहे आणि सगळ्यात जास्त काही सांगून जाते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडा. इंजिनकडून रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाणारी जाड रबरी नळी शोधा. गाडी सुरू करा आणि दर मिनिटाला नळीला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा. पंखा आणि बेल्टपासून हात, बाही, उपरणं, ओढणी लांब ठेवा. मारुतीचा विजेवरचा पंखा कुठलीही सूचना न देता फिरू लागतो.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर पहिली काही मिनिटं नळी गारच राहते. इंजिनचं डोकं तापलेलं असतं, पण नळीला त्याची खबर नसते. मग एकदम, अर्ध्या-एक मिनिटात, नळी हात ठेववणार नाही इतकी तापते. म्हणजे वॉल उघडला. याउलट सुरुवातीपासूनच नळी हळूहळू कोमट होत गेली, तर वॉल उघडा अडकला आहे किंवा जागेवर नाहीच. तिसरी शक्यता, काटा ‘एच’कडे चालला आणि नळी गारच राहिली. तर वॉल बंद अवस्थेत अडकला आहे किंवा पाणी कमी आहे. अशा वेळी गाडी ताबडतोब बंद करा.

पंखा डायरेक्ट आहे का?

मारुती ८०० आणि ओम्नीच्या रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी साधारण नव्वद अंशांच्या पुढे गेलं की थर्मो-स्विच त्याला सुरू करतो. हा स्विच खराब झाला की तो बदलण्याऐवजी दोन वायरी एकमेकींना जोडून टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. चावी फिरवली की पंखा सुरू. गार गाडीत चावी ‘ऑन’ करताच पंखा घरघरला तर समजा वायर डायरेक्ट आहे. स्विच काही शे रुपयांत मिळतो, तो बदलून घ्या. त्याने बॅटरीचंही ओझं कमी होतं.

पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडरचा पंखा मात्र बेल्टवर असतो, त्यामुळे तो इंजिनबरोबर कायमच फिरतो. अशा गाडीला थंडीच्या दिवसांत पहाटे निघताना रेडिएटरच्या खालच्या तिसऱ्या भागापुढे पुठ्ठा लावता येतो. पण ऊन चढलं की तो आठवणीने काढायचा. थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीवर पुठ्ठा लावणं हा इलाज नव्हे.

थर्मोस्टॅटचं काम आणि पातेल्यातली चाचणी

थर्मोस्टॅट ही मुठीत मावेल एवढी पितळी-पोलादी चकती. तिच्या मधल्या डबीत मेण भरलेलं असतं. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. पाणी गार झालं की स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. कोणत्या अंशाला उघडायचं तो आकडा बहुधा चकतीवरच कोरलेला असतो. आपल्या लहान गाड्यांत ८२ अंशांचा नेहमी दिसतो. झडप बंद असेपर्यंत पाणी फक्त इंजिनात फिरतं, रेडिएटरपर्यंत जात नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं.

मारुती ८०० मध्ये वरची नळी इंजिनला जिथे मिळते त्या टोपणाखालीच थर्मोस्टॅट बसतो. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं थोडं पाणी काढा, टोपणाचे बोल्ट सोडवा आणि आत बघा. जागा रिकामी दिसली तर निदान तिथेच झालं.

चकती सापडली तर ती चालते का ते घरी तपासता येतं. झडपेच्या फटीत जाड दोऱ्याचं टोक अडकवा. झडप मिटलेली असल्याने चकती दोऱ्याला लटकून राहते. जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या पातेल्यात पाणी घ्या आणि चकती त्यात बुडवा, पण बुडाला टेकू देऊ नका. शेजारी शंभर अंशांपर्यंतचा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला थर्मामीटर धरा. तापाचा थर्मामीटर इथे फुटेल. पाणी मंद आचेवर तापवा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश आगेमागे झडप सैल होते आणि चकती दोऱ्यातून निसटून खाली पडते. पडली तो अंश टिपून घ्या. ६०-६५ अंशांलाच पडली तर स्प्रिंग किंवा मेण गेलं. पाणी उकळलं तरी लटकतच राहिली तर ती गाडीत पुन्हा घालू नका. गार पाण्यातही झडपेतून उजेड दिसत असेल तर चाचणीचीसुद्धा गरज नाही, नवा थर्मोस्टॅट आणा.

बसवताना चुकतं ते इथे

मेणाची डबी इंजिनच्या बाजूला हवी. उलटा बसवला तर डबीला गरम पाणी लागणारच नाही आणि गाडी उकळेल. चकतीच्या काठावर एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते. पाणी भरताना अडकलेली हवा तिथून निघते, म्हणून ती पिन वरच्या अंगाला ठेवा. कागदी गॅसकेट नवीन लावा आणि दोन्ही पृष्ठभाग खरवडून साफ करा. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतात. पान्याला नळी लावून जोर कराल तर आटे जातील आणि काही शे रुपयांचं काम हजारांत जाईल.

नंतर पाणी भरताना रेडिएटरची टोपी उघडी ठेवून गाडी आयडलिंगला चालवा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत भर घालत राहा. हवा आत राहिली तर काटा कधी वर कधी खाली नाचतो आणि नवा थर्मोस्टॅट बिनकामाचा असल्याचा गैरसमज होतो.

पाणी कोणतं घालता हेही महत्त्वाचं आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षारयुक्त. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि थर्मोस्टॅटच्या झडपेवर बसतो. झडप अर्धवट उघडी अडकते ती बहुतेक वेळा याच थरामुळे. तयार कूलंट घाला, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातलं मिश्रण वापरा.

‘पण मग उन्हाळ्यात गाडी गरम होईल ना?’

थर्मोस्टॅट परत बसवायचा म्हटलं की हा प्रश्न येतोच. ८२ अंशांना उघडणारा वॉल एकदा पूर्ण उघडला की पाण्याला जायला पुरेशी वाट असते. थर्मोस्टॅट बसवल्यावर गाडी गरम होत असेल, तर ती आधीही कशामुळे तरी गरम होत होती आणि ते कारण तसंच राहिलं आहे. रेडिएटरच्या नळ्या चोंदलेल्या असतील, जाळीत शेतातला कचरा आणि किडे अडकले असतील, टोपीचं रबर गेल्याने दाब धरत नसेल, पाण्याचा पंप झिजला असेल, बेल्ट सैल असेल किंवा हेड गॅसकेट फुंकत असेल. वॉल काढल्याने यांतलं एकही दुरुस्त होत नाही. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना आडवाटेचा मार्ग बंद करतो. तो काढला की बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परततं आणि गाडी जास्तच गरम होते.

गार इंजिन चालवत राहण्याची किंमत वेगळी मोजावी लागते. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइल धुऊन नेतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. रिंगा आणि बोअर लवकर झिजतात. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून पिवळट-पांढरी साय दिसू लागते. ही साय दिसली तर रेडिएटरचं पाणी घटतं आहे का तेही बघा. पाणी घटत असेल तर दोष हेड गॅसकेटचा असू शकतो. पाणी जिथल्या तिथे असेल आणि गाडी रोज गावातल्या गावातच फिरत असेल, तर ती गार चालण्याचीच खूण आहे. पीयूसी काढतानाही फटका बसतो. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. व्यवस्थित तापलेली, नीट ट्यून केलेली गाडी ती सहज पाळते. गार, पेट्रोल पीत चालणारी गाडी अडकते.

पाणी ठीक, तरी गाडी अडखळते

नळीची परीक्षा पास झाली, काटा वेळेवर मध्यावर येतो, पण तोवर गाडी रडते. आता कार्बोरेटरकडे वळा.

आधी चोक. एअर फिल्टरचं झाकण काढा आणि दुसऱ्या कुणाला तरी चोकची कळ पूर्ण ओढायला सांगा. कार्बोरेटरच्या तोंडावरची पट्टी पूर्ण मिटली पाहिजे, आणि कळ आत ढकलल्यावर सरळ उभी राहिली पाहिजे. केबल ताणली गेली असेल तर पट्टी अर्धीच मिटते. केबल गंजली असेल तर पट्टी पूर्ण उघडत नाही आणि गाडी दिवसभर अर्ध्या चोकवर पेट्रोल पिते. चोक ओढल्यावर आयडलिंगही थोडं वाढायला हवं, त्यासाठी पट्टीपासून थ्रॉटलपर्यंत एक जोडणी असते. ती वाकलेली किंवा काढलेली तर नाही ना, तेही बघा.

मग गरम हवा. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर गार पडतो. दमट, धुक्याच्या सकाळी त्याच्या गळ्यात बर्फसुद्धा धरतो. गाडी थोडं चालून बंद पडते आणि दहा मिनिटं थांबल्यावर काही झालंच नाही अशी सुरू होते. यासाठी बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्टवरच्या पत्र्यापासून एअर फिल्टरकडे गरम हवा नेणारी नळी असते. काही गाड्यांच्या एअर फिल्टरवर उन्हाळा-हिवाळा अशी बदलायची कळही असते. वीस-पंचवीस वर्षांत ती नळी फाटते, पुढच्या दुरुस्तीत फेकली जाते आणि कुणाला आठवतही नाही. ती परत लावली की पहाटेचा अर्धा त्रास जातो.

कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅसकेटमधून किंवा व्हॅक्यूमच्या तडकलेल्या नळीतून हवा आत जात असेल, तर मिश्रण पातळ होतं. गरम इंजिन ते खपवून घेतं, गार इंजिन खपवून घेत नाही. आयडल जेट चोंदलं असेल तरी चोक आत ढकलताच गाडी बंद पडते. इथे कार्बोरेटर साफ करणं योग्य ठरतं, पण या क्रमाने इथवर आल्यानंतर.

प्लग काढून बघा. काजळीने काळा आणि सुका असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, विटकरी-तपकिरी असेल तर योग्य. मारुती ८०० च्या प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवतात. जुन्या पॉइंटच्या गाडीत पॉइंट साफ करून गॅप बघा. टायमिंग मेकॅनिककडून दिव्याने तपासून घ्या, कानाने नको.

आजचं पेट्रोल आणि गॅसकिट

फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल देशात विकायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सर्वत्र पोचलं. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलोच पुरते. म्हणजे जुन्या जेटवर नवं पेट्रोल घातलं की मिश्रण थोडं पातळच होतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते. इंजेक्शनच्या गाडीतला संगणक हे सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते जमत नाही. म्हणून आयडल मिश्रणाचा स्क्रू चांगल्या मेकॅनिककडून गरम गाडीवर, शक्य असेल तर पीयूसीच्या यंत्रावर आकडा बघत, पुन्हा लावून घ्या. रबरी पेट्रोल पाइप आणि पंपाचा पडदा तपासा. जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि तडकतं. आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी रिकामी ठेवू नका, पाणी साचतं.

एलपीजीवर चालणाऱ्या ओम्नीला थर्मोस्टॅट जास्तच गरजेचा. किटच्या व्हेपोरायझरमध्ये गॅसची वाफ इंजिनच्या गरम पाण्यावर होते. पाणी गार राहिलं तर व्हेपोरायझरवर बाहेरून पांढरा बर्फ धरतो, आतला पडदा कडक होतो आणि गाडी वाटेत मरते. सकाळी पेट्रोलवर सुरू करा, काटा हलला की मगच गॅसवर जा. घरगुती सिलिंडरमधून गॅस भरणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही.

सकाळची सवय आणि काही पथ्यं

गाडी सुरू झाली की अर्धा-एक मिनिट थांबा आणि निघा. पहिले तीन-चार किलोमीटर ॲक्सिलरेटर हलका ठेवा आणि गाडी जसजशी सुधारेल तसतसा चोक टप्प्याटप्प्याने आत ढकला. उभ्या गाडीला रेस देऊन तापवू नका. बंद शेडमध्ये तर मुळीच नको, कारण चोकवर चालणाऱ्या गाडीच्या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. गाडी सुरू होत नाही म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याची पद्धत सोडा. इंजिनने उलटा भडका मारला तर बॉनेटखाली आग लागते. गरम रेडिएटरची टोपी उघडू नका.

थोडक्यात क्रम असा: मीटर, वरची नळी, पंखा, थर्मोस्टॅट, पाणी. त्यानंतर चोक, गरम हवेची नळी, हवेची गळती, प्लग, पेट्रोल आणि शेवटी कार्बोरेटर. पहिल्या पाच गोष्टी एका सकाळी घरच्या अंगणात उरकतात आणि बहुसंख्य गाड्यांचा दोष तिथेच सापडतो. यापुढे उन्हाळ्यात कुणी ‘वॉल काढून टाका’ म्हणालं, तर त्याला आधी रेडिएटर साफ करून द्यायला सांगा. वॉल काढू देऊ नका.